तालीम आणि बैठक

कोल्हापुरात ‘तालीम’ म्हटलं की डोळ्यांपुढं लाल माती येते. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी ही नावं इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ होतात. ‘बैठक’ म्हटलं की मांड्या भरून आल्याची आठवण होते. पण याच गावात काही घरं अशी होती, की तिथं ‘पोरीची तालीम चालू आहे’ म्हणजे ती पहाटेपासून खर्ज लावून बसलीय, आणि ‘आज बैठक आहे’ म्हणजे संध्याकाळी सतरंज्या पडणार, तंबोरे गवसणीतून निघणार आणि घरचा कर्ता पुरुष मध्यरात्र उलटल्यावर कडी वाजवणार. आमचं घर त्यांतलंच. आजी म्हणायची, “एक वेळ पैलवान परवडला, तो निदान लवकर झोपतो.”

तालमीचे आणि बैठकीचे दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी पाहायचे असतील तर खासबागेत जावं. भवानी मंडपातून बाहेर पडून मिरजकर तिकटीच्या अंगानं चालत निघालं की फार वेळ लागत नाही. नाव बागेचं, पण बाग आता नावालाच उरलीय. एका बाजूला कुस्तीचं मैदान, त्याला पाठ लावून केशवराव भोसले नाट्यगृह, संध्याकाळी भेळेच्या गाड्या आणि चुरमुऱ्यावर पडणाऱ्या चटणीचा वास. या गर्दीच्या शेजारी गायन समाज देवल क्लब आहे. मैदान आणि नाट्यगृह बाहेरगावचा पाहुणा विचारत येतो. क्लबचा पत्ता मात्र ज्याला गाणं ऐकायचंय तोच विचारतो.

संस्थेचं नाव चार शब्दांचं आहे आणि चारही शब्द अर्थपूर्ण आहेत. ‘गायन’ हे काम झालं. ‘समाज’ हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आवडता शब्द. चार शिकलेली माणसं एका विचारानं एकत्र आली की त्यांचा समाज व्हायचा. ‘क्लब’ त्याच पिढीनं साहेबाकडून घेतला, पण त्यात पत्ते आणि बिलियर्डऐवजी तंबोरा आणि तबला ठेवला. उरलं ‘देवल’, म्हणजे एक आडनाव. शाहू, राजाराम, ताराराणी यांच्याशिवाय ज्या गावात पाटी रंगत नाही, तिथं एका संस्थेनं घरगुती आडनाव शतकभर मिरवावं, हे मला नेहमी गमतीचं आणि थोडं अभिमानाचंही वाटत आलंय.

स्थापनेचं साल १८८३. त्या साली कोल्हापुरात काय चाललं होतं, हे पाहिल्याशिवाय या तारखेचं मोल कळत नाही. गादीवरचे चौथे शिवाजी महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात होते आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथंच त्यांचा मृत्यू झाला. आदल्या वर्षी, १८८२ मध्ये, याच महाराजांच्या छळाविषयी आणि कारभारी बर्वे यांच्याविषयी लिहिल्याबद्दल टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले होते. कागलच्या घाटग्यांचा मुलगा दत्तक येऊन शाहू झाला तो १७ मार्च १८८४ रोजी. त्याच्या हाती राज्याची सूत्रं आली २ एप्रिल १८९४ रोजी. म्हणजे कोल्हापूरचं गाणं शाहू महाराजांपासून सुरू झालं, असं आपण भाषणात सवयीनं म्हणतो, ते पुरतं खरं नाही. राजा गावात नव्हता, दरबार सुना होता, तेव्हा गाण्यासाठी एकत्र यावं असं काही नागरिकांना वाटलं. राजाश्रय नंतर आला. आधी आला तो श्रोता.

तो काळही तसाच होता. पुण्यात १८७४ पासून पूना गायन समाज चालू होता. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० मध्ये आणि ‘सौभद्र’ १८८२ मध्ये रंगभूमीवर आलं, आणि ज्या घरांत गाण्याचं नाव काढायची सोय नव्हती त्या घरांतले लोक पदं गुणगुणू लागले. पण पद गुणगुणणं वेगळं आणि ख्याल ऐकायला जाणं वेगळं. ख्याल दरबारात होता नाहीतर कलावंतिणीच्या माडीवर. वकील, मास्तर, कचेरीतला कारकून यांनी उघडपणे, घरी सांगून जावं, पुढं बसावं आणि मनमोकळी दाद द्यावी अशी तिसरी जागा हवी होती. गायन समाजांनी ती जागा तयार केली. आज हे किरकोळ वाटतं. तेव्हा ती सामाजिक सुधारणाच होती, फक्त तिच्यावर निबंध लिहिले गेले नाहीत.

कोल्हापूरला आणखी एक फायदा होता, तो आसपासच्या मुलखाचा. इचलकरंजीला बाळकृष्णबुवा होते. ख्यालगायकी ग्वाल्हेरहून महाराष्ट्रात आणून रुजवली ती त्यांनीच. त्यांच्याकडं मिरजेत शिकलेले कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर पुढं १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढते झाले. कुरुंदवाडात रहिमत खाँ होते. त्यांना सांभाळलं सर्कसवाल्या विष्णुपंत छत्र्यांनी; वाघ-सिंह आणि एक अवलिया गवई एकाच माणसानं जपावेत, हे या भागातच घडू शकतं. अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेला घर केलं. मिरजेतच शिकलगारांच्या वंशात तंबोरे घडत होते आणि अजून घडतात. त्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि गवई, साथीदार आणि वाद्यं संध्याकाळच्या बैठकीसाठी सकाळी निघू शकली. संगीताच्या इतिहासात घराण्यांची नावं येतात, रेल्वेच्या वेळापत्रकाचं कुणी काढत नाही.

या सगळ्या पार्श्वभूमीवर १८९५ च्या सुमारास अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूरला आले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारात घेतलं. खाँसाहेब तेव्हा चाळिशीत होते. जन्म राजस्थानातल्या उनियाऱ्याचा, १८५५ चा. तरुणपणी अति गायल्यानं त्यांचा आवाज बसला, आणि परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. मग उरलेल्या आवाजाला साजेल अशी गायकी त्यांनी नव्यानं बांधली. आपण आज जिला जयपूर-अत्रौली म्हणतो ती हीच. तिच्या नावात दोन गावं आहेत आणि त्यांत कोल्हापूर नाही, याची रुखरुख मला आहे. सुमारे सत्तावीस वर्षं खाँसाहेब या गावात राहिले. ही गायकी घोटली गेली ती इथं, पुढच्या पिढीला दिली गेली ती बरीचशी इथं, आणि मुख्य म्हणजे ती ऐकली गेली इथं.

ऐकली गेली यावर मी थोडा थांबणार आहे, कारण संस्थेचा खरा इतिहास मला तिथंच दिसतो. ही गायकी ऐकणाऱ्यालाही सोपी नाही. शब्द मोजके, सरगम जवळजवळ नाहीच, सगळा डोलारा आकारावर. लय फार संथ नसते, त्यामुळं डुलत राहायची सोय नाही. सूर एकमेकांत अडकवत, वळसे घेत, श्वास पुरवत गवई असा येतो की आता सम कुठं पडणार हे शेवटच्या मात्रेपर्यंत कळत नाही. आणि पडते तेव्हा अख्खी खोली एकदम मान हलवते. शिवाय खाँसाहेबांना अनवट आणि जोडरागांची ओढ. बिहागडा, खट, नट कामोद, बसंती केदार, सावनी नट. असा राग एकदाच ऐकून हाती लागत नाही. पहिल्या वेळी श्रोता चुकतो, दुसऱ्या वेळी नुसता सावध होतो, आणि खरं ऐकणं सुरू होतं तिसऱ्या-चौथ्या वेळी. म्हणजे अशा गाण्याला नवे हजार श्रोते नकोत. तेच पन्नास श्रोते पुन्हा पुन्हा हवेत. राजा एकटा पन्नास श्रोते होऊ शकत नाही. तिकीट काढून आलेली नाट्यगृहातली गर्दीही नाही. त्यासाठी एक लहान खोली लागते, तिथं येणारी ठरलेली माणसं लागतात, आणि ‘मागच्या वेळी खाँसाहेबांनी हा पंचम असा लावला नव्हता’ असं परतताना वाटेत भांडणारे दोघेजण लागतात. देवल क्लबनं कोल्हापूरला हे भांडणारे दोघेजण दिले. माझ्या मते हेच संस्थेचं सर्वांत मोठं काम.

अशा भांडणाऱ्यांतून काय निपजतं याचा मोठा दाखला म्हणजे गोविंदराव टेंबे. ५ जून १८८१ चा जन्म, कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचा. शिक्षण वकिलीचं, पण जीव पेटीत. संगीताची गोडी आपल्याला देवल क्लबमुळं लागली, हे त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं आहे. पेटी त्यांची त्यांनीच बसवली. भास्करबुवा बखल्यांकडून मार्गदर्शन मिळालं. खाँसाहेबांकडं रीतसर गंडा बांधून ते कधी शिकले नाहीत. पण त्यांची गायकी टेंब्यांनी कानानं उचलली. पुढं १९५४ मध्ये अल्लादिया खाँसाहेबांचं चरित्र लिहिलं तेही टेंब्यांनीच. बैठकीत कोपऱ्यात बसून जे मिळतं ते केवढं असू शकतं, हे त्यांच्याकडं पाहून कळतं.

टेंब्यांनी मिळवलेलं पुन्हा गावभर वाटूनही टाकलं. १२ मार्च १९११ ला ‘मानापमान’ रंगभूमीवर आलं. खाडिलकरांच्या पदांना टेंब्यांनी दिलेल्या चालींत पूरबी ठुमरी-दादऱ्याचा रंग होता, आणि नाट्यसंगीताची वाटच त्यामुळं वळली. १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह ते गंधर्व नाटक मंडळीचे भागीदार झाले. कोल्हापुरातच स्थापन झालेल्या ‘प्रभात’नं १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला, तेव्हा हरिश्चंद्र झाले टेंबे आणि संगीतही त्यांचंच. नाटक, बोलपट, चरित्र, आत्मकथन, आणि या सगळ्याच्या मुळाशी पेटी. त्याच पेटीला १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीच्या दारात मज्जाव होता. टेंबे ९ ऑक्टोबर १९५५ ला गेले, त्यामुळं ती बंदी उठलेली त्यांनी पाहिली नाही. संस्थेच्या रंगमंदिराला आज त्यांचं नाव आहे. नावं देण्यात आपण पुष्कळदा चुकतो. इथं चुकलो नाही.

शाहू महाराजांचा काळ हा खासबागेचाही सुवर्णकाळ. १९०२ मध्ये विलायतेला गेले असताना महाराजांनी रोमचं प्राचीन क्रीडागार पाहिलं आणि परत येऊन कुस्तीचं मैदान बांधवलं. ते १९१२ मध्ये तयार झालं. लगेच १९१३ मध्ये शेजारी पॅलेस थिएटरचं काम निघालं आणि १९१५ च्या ऑक्टोबरात ते खुलं झालं. कुस्तीचा आखाडा आणि नाटकाचा रंगमंच पाठीला पाठ लावून बांधणारा हा बहुधा एकच राजा. पॅलेस थिएटरला १९५७ मध्ये संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव मिळालं. केशवराव कोल्हापूरचेच, ९ ऑगस्ट १८९० चा जन्म. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालगंधर्वांबरोबर टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ केलं आणि पुढच्या तीन महिन्यांतच ते गेले. वय अवघं एकतीस.

६ मे १९२२ ला शाहू महाराज गेले आणि खाँसाहेबांनी मुंबईची वाट धरली. आदल्या वर्षीच केसरबाई केरकरांची तालीम सुरू झाली होती. मोगूबाई कुर्डीकरांची कथा तर सांगलीची: खाँसाहेब आबासाहेब सांबारे वैद्यांकडं औषधाला आले असता शेजारी चाललेला मोगूबाईंचा रियाज त्यांच्या कानी पडला. दोघी गोव्याच्या, दोघींचं नाव पुढं मुंबईत झालं. तरी धागा सुटला नव्हता, कारण खाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जी खाँ कोल्हापुरात राहिले. अंबाबाईच्या देवळात गायनसेवा करणारे मुसलमान उस्ताद, ही गोष्ट तेव्हा कोल्हापुरात कुणाला बातमी वाटत नव्हती. भूर्जी खाँचे भाऊ मंजी खाँ १९३७ मध्ये गेल्यावर त्यांचे शिष्य मल्लिकार्जुन मन्सूर पुढच्या तालमीसाठी भूर्जी खाँकडं आले. कोल्हापूरच्याच धोंडूताई कुलकर्णींना लहानपणी त्यांची तालीम मिळाली. त्या पुढं केसरबाईंच्या शिष्या झाल्या. ब्राह्मण घरातल्या मुलीनं खाँसाहेबांसमोर बसून गाणं शिकायचं, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. बैठकीत मागं बसून ऐकणाऱ्या बापांनी ती घडवली. बाप श्रोता झाला म्हणून मुलगी गायिका होऊ शकली. गायन समाजांच्या जमाखर्चात असा नफा दिसत नाही.

१९४८ ते १९५० ही तीन वर्षं कोल्हापूरच्या गाण्याला जड गेली. जानेवारी १९४८ च्या अखेरीस गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत घरं गेली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ गेला. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि दरबारी आश्रय कायमचा संपला. १९५० मध्ये भूर्जी खाँ गेले. सदुसष्ट वर्षांच्या अनुभवानंतर क्लब पुन्हा जिथून निघाला होता तिथं आला: राजा नाही, उस्ताद नाही, आहेत ते ऐकणारे. अनेक संस्थानांत या टप्प्यावर गाणं संपलं. दरबार बरखास्त झाले आणि तंबोरे वस्तुसंग्रहालयात गेले. कोल्हापुरात ते झालं नाही, कारण इथली एक संस्था दरबाराच्या आधीपासून दरबाराविना जगायला शिकलेली होती.

त्यानंतरचा इतिहास घाईत सांगण्यासारखा आहे आणि त्यात कमीपणा नाही. वर्ग चालतात, परीक्षा होतात, पुण्यतिथ्यांच्या मैफली होतात, नाटकांचे प्रयोग होतात, कार्यकारिणी बदलतात, वर्गणीवरून वाद होतात. संस्थेचं आयुष्य बहुतेक असंच असतं. मीही लहानपणी तबला शिकायला एका वर्गात जात होतो; कुठल्या ते सांगत नाही, कारण दोष त्यांचा नव्हता. तीन वर्षांत माझा तीनताल काही सरळ झाला नाही. शेवटी मास्तर म्हणाले, “तू वाजवू नकोस, ऐक. टाळी तुझी बरोबर पडते.” तेव्हा अपमान वाटला होता. आता वाटतं, त्यांनी मला खात्यावर घेतलं, फक्त खातं बदललं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. ज्या छपराखाली शंभर वर्षं नांदी झाली ते छप्पर कोसळलं. त्या रात्री रस्त्यावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांना मी रडताना पाहिलं; त्यांतले काही जण आयुष्यात कधी रंगमंचावर चढले नव्हते. ते श्रोतेच होते. नाट्यगृह पुन्हा उभारता येतं आणि उभारलंच पाहिजे, त्याला कोट्यवधींचा निधी लागतो आणि तो सरकार देऊ शकतं. श्रोता मात्र निधीतून उभा राहत नाही. तो एका लहान खोलीत, वीस-तीस वर्षं, बैठकीमागून बैठक असा तयार होतो.

परवा क्लबात गेलो होतो. बाहेर दुचाकींचे हॉर्न, भेळवाल्याच्या डब्याचा खडखडाट, आणि आत एक मुलगी भूपाचा आकार लावत होती. गंधार जरा चढत होता. मागच्या भिंतीशी बसलेल्या आजोबांनी हळूच मान हलवली, नाही अशी. दुसऱ्या वेळी सूर जागेवर आला आणि मान हलली, हो अशी. मुलीनं पाहिलं नव्हतं. पण शेजारच्या छोट्या पोरानं पाहिलं होतं, आणि तोही आजोबांसारखी मान हलवून बघत होता.

आता वाचकांना एक विनंती. स्मरणिकेतल्या इतिहासात अध्यक्षांची यादी असते, देणगीदारांची असते, गायकांचीही असते. श्रोत्यांची कुठंच नसते, कारण त्यांनी काही मागं ठेवलेलं नसतं असं आपण धरून चालतो. ते खरं नाही. कोल्हापुरातल्या जुन्या घरांच्या माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या खालच्या कप्प्यात बैठकींची निमंत्रणपत्रं आहेत, नोटेशनच्या वह्या आहेत, कुणीतरी चोरून केलेल्या ध्वनिफिती आहेत आणि सतरंजीवर दाटीनं बसलेल्या माणसांचे फोटो आहेत. घर पाडून फ्लॅट होतो तेव्हा हे सगळं आधी जातं. तसं काही आपल्याकडं असेल तर त्याची एक प्रत संस्थेकडं पोचवा. फोटो असेल तर त्यातली माणसं ओळखणारं कुणी घरात आहे तोवरच मागं नावं लिहून ठेवा. पेन्सिलीनं लिहा, शाई पुढच्या बाजूला उमटते.